कौल मनासारखा येईपर्यंत लावायचा का?

दरवर्षी १६ जानेवारीला गोव्यात 'अस्मिताय दिस' साजरा होतो आणि दरवर्षी त्याच दिवशी आमच्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. आशय ठरलेला: गोवा खरं तर महाराष्ट्रातच यायचा, १९६७ साली थोडक्यात हुकला, आता पिढी बदलली आहे, परत एकदा मतदान घ्या म्हणजे दूध का दूध होईल. खाली दहा-पंधरा अंगठे, दोन झेंडे, आणि ग्रुपवर एखादा मडगावचा सहकारी असला तर त्याची सूचक शांतता.

तर मंडळी, या विकांताला याच मेसेजशी भांडायचं ठरवलं आहे. भांडण गोव्याबद्दल कमी आणि त्यातल्या 'परत एकदा' या दोन शब्दांबद्दल जास्त आहे. मी रत्नागिरीचा. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो, गोवा महाराष्ट्रात आला असता तर मला वाईट वाटलं नसतं. १९६७ साली सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो १९८१ साली झाला. म्हणजे त्या वेळी गोव्याची सीमा आमच्या रत्नागिरी जिल्ह्यालाच लागलेली होती. आमच्यातल्या किती घरांचं कुलदैवत पलीकडे, सोयरीक पलीकडे. त्यामुळे हळहळ मला समजते. पण हळहळ वेगळी आणि मतदान परत मागणं वेगळं.

ज्यांना हा इतिहास शाळेत शिकवला नाही (म्हणजे जवळजवळ सगळेच) त्यांच्यासाठी थोडक्यात. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, सत्तेवर आला. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री. पक्षाचं मुख्य कलमच विलीनीकरण. मगोचं म्हणणं सरळ होतं: आम्ही विलीनीकरण सांगून निवडून आलो, म्हणजे लोकांनी कौल दिला, विधानसभेत ठरावही केला, आता आणखी काय विचारायचं? विरोधात होता डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष. त्यांचं म्हणणं, निवडणुकीत लोक सरकार निवडतात. कायमचं विलीन व्हायचं की नाही हा प्रश्न वेगळा, तो वेगळाच विचारा.

शेवटी संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झालं. विलीनीकरणाची निशाणी फूल, केंद्रशासित राहण्याची निशाणी दोन पानं. मतदार होते ३,८८,४३२, मतदान केलं ३,१७,६३३ जणांनी. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. सवयीने गणित करून बघितलं: १७,०११ माणसं पानांवरून फुलावर गेली असती तर गोवा बरोब्बर एका मताने महाराष्ट्रात आला असता. एका मताने!

आणि गंमत बघा, विलीनीकरणाविरुद्धची लढाई ज्या दैनिकाने हिरीरीने लढवली ते 'राष्ट्रमत' मराठी दैनिक होतं. उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे गाजलेलं सदर त्यातलंच. म्हणजे "मराठी विरुद्ध कोंकणी" किंवा "हिंदू विरुद्ध ख्रिश्चन" असं दोन ओळींत जे सांगितलं जातं तेवढं सोपं ते नव्हतं. मराठी वाचणाऱ्या, मराठीत प्रार्थना करणाऱ्या कितीतरी लोकांनी मराठीत विचार करून नाही म्हटलं. हे पचायला जड जातं, म्हणून आपण ते सांगत नाही.

आता 'परत घ्या'वाल्यांचा युक्तिवाद नीट मांडू, नाहीतर भांडणात मजा नाही. एक, लोकशाही म्हणजे मत बदलण्याचा अधिकार. दर पाच वर्षांनी सरकार बदलता येतं, मग हाच एक निर्णय दगडावरची रेघ का? दोन, तेव्हा मतदानाचं वय २१ होतं. त्या दिवशी २१ वर्षांचा असलेला मतदार आज ऐंशीच्या घरात आहे. मेलेल्यांच्या मताने जिवंतांना बांधायचं का? तीन, ते मतदान तरी कुठे निर्दोष होतं?

तिसरा मुद्दा आधी निकालात काढतो. तक्रारी होत्या, पण दोन्ही बाजूंच्या होत्या. मुंबईत आणि इतरत्र राहणाऱ्या गोवेकरांना मत द्यायला मिळालं नाही, आणि ही मागणी विलीनीकरणाच्या विरोधकांची होती. तिसरा पर्याय, म्हणजे गोव्याचं स्वतंत्र राज्य, मतपत्रिकेवर नव्हताच. या दोन्ही गोष्टी दुरुस्त करून मतदान झालं असतं तर फुलाचं भलं झालं असतं असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही.

पहिला मुद्दा मात्र खरा आहे आणि वरवर बघता बिनतोड आहे. त्याचं उत्तर असं: निवडणुकीचा निकाल मुदतीचा असतो. जिंकणाऱ्याला माहीत असतं, पाच वर्षांनी परत दारात उभं राहायचं आहे. विलीनीकरणाचा होकार तसा नसतो. समजा १९६७ साली फूल जिंकलं असतं. मग १९७२ साली कोणी विचारलं असतं का, "गोवेकरांनो, पाच वर्षं झाली, महाराष्ट्रात राहायचं की बाहेर पडायचं?" स्वप्नातही नाही. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे नवीन राज्य करायचं की नाही हे संसद ठरवते. संबंधित विधानसभेचं मत फक्त मागवलं जातं, ते बंधनकारक नसतं. विश्वास बसत नसेल तर विदर्भाकडे बघा. फाजल अली आयोगाने १९५५ साली वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ७० वर्षं झाली, विदर्भाच्या माणसाला या प्रश्नावर एकदाही मतपेटी दाखवलेली नाही.

म्हणजे दार एकाच बाजूने उघडतं. नाही म्हटलं की परत विचारायचं, हो म्हटलं की विषय संपला. 'परत एकदा'मधली खरी मेख इथे आहे.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. रिलीजच्या आदल्या रात्री एक टेस्ट लाल येते. कोणीतरी म्हणतो, अरे परत चालव. परत लाल. परत चालव. तिसऱ्यांदा हिरवी येते आणि सगळे टाळ्या वाजवून घरी जातात. हिरवी आल्यावर "खात्री करायला आणखी तीनदा चालवू" असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. :) लाल आली की चालवत राहायचं आणि हिरवी आली की थांबायचं, याला तपासणी म्हणत नाहीत. आकडा हवा असेल तर घ्या: समजा एका वेळी 'हो' येण्याची शक्यता ४० टक्केच आहे. तीनदा विचारलं तर निदान एकदा 'हो' येण्याची शक्यता ७८ टक्क्यांवर जाते. पाचदा विचारलं तर ९२ टक्क्यांवर. आता मतदार म्हणजे काही नाणं नव्हे, तो विचार करतो, कंटाळतो, चिडतो, हे मान्य. पण कधी थांबायचं हे ज्याच्या हातात, निकालही बराचसा त्याच्याच हातात, एवढं तरी या गणितातून दिसतं.

युरोपात हे प्रत्यक्ष घडलेलं आहे. आयर्लंडने जून २००१ मध्ये नीस कराराला ५३.९ टक्क्यांनी नाही म्हटलं. ऑक्टोबर २००२ मध्ये परत विचारलं, ६२.९ टक्क्यांनी हो. मग लिस्बन करार: जून २००८ मध्ये ५३.४ टक्क्यांनी नाही, ऑक्टोबर २००९ मध्ये ६७.१ टक्क्यांनी हो. डेन्मार्कने १९९२ साली मास्ट्रिक्ट करार अगदी निसटत्या मतांनी नाकारला, १९९३ साली स्वीकारला. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर दरवेळी मधल्या काळात काहीतरी बदललं होतं. डेन्मार्कला चलनासारख्या बाबतींत सवलती मिळाल्या, आयर्लंडला तटस्थतेबद्दल आणि करांबद्दल लेखी हमी मिळाली. म्हणजे तोच प्रश्न जसाच्या तसा विचारला नव्हता. तरीही आयर्लंडच्या रस्त्यावरच्या माणसाने "आधीच हो म्हटलं असतं तर परत विचारलं असतं का?" असं विचारलं, तर ब्रसेल्सकडे त्याला उत्तर नव्हतं. कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

आमच्याकडे कोकणात देवाला कौल लावतात. पाकळ्या मूर्तीला चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघायचं. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. डावी पडली की काही लोक गुरवाला म्हणतात, परत लाव. आमची आजी यावर भडकायची. म्हणायची, "देवाला परत विचारायचं तर प्रश्न बदलून विचारा, नाहीतर देवाला विचारताच कशाला, घरीच ठरवा." ओपिनियन पोलला मराठीत जनमत कौल म्हणतात. आजीचा नियम तिथेही लागू व्हायला हरकत नसावी.

आता गोव्याच्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो त्या मेसेजमध्ये कधीच नसतो. जानेवारीत जनमत कौल हरलेल्या मगोने दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक जिंकली. ३० पैकी १६ जागा. बांदोडकर परत मुख्यमंत्री. विचार करा. तोच मतदार, तेच गाव, मधे फक्त दोन महिने. जानेवारीत विलीनीकरणाला नाही म्हणाला आणि मार्चमध्ये विलीनीकरणवाल्या पक्षाला सत्ता दिली. गोंधळला होता का? अजिबात नाही. त्याला भाऊसाहेब हवे होते, शाळा हव्या होत्या, कुळांना जमिनीवर हक्क हवा होता. आणि गोवा गोवाच राहायला हवा होता. दोन प्रश्न वेगळे विचारले म्हणून दोन उत्तरं वेगळी मिळाली.

बांदोडकरांना तेव्हा म्हणता आलं असतं, "बघा, लोकांनी मार्चमध्ये मत बदललं, परत मतदान घ्या." ते मतदान कधीच झालं नाही. हरलेली बाजू सत्तेवर बसली, राज्य चालवलं आणि निकाल निकाल राहिला. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा पूर्ण राज्य झालं. कोणी म्हणेल, कौल तर केंद्रशासित राहण्याचा होता, मग तो न विचारता मोडलाच की! मला तसं वाटत नाही. १९६७ साली लोकांनी 'वेगळं राहू' हे सांगितलं होतं आणि १९८७ साली ते वेगळेपण आणखी पक्कं झालं. निकालाच्या दिशेने पुढे जाणं आणि निकाल उलटवायला परत मागे येणं यात फरक आहे.

हाच फरक ब्रिटनलाही भोवला. जून २०१६ मध्ये ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडायचं ठरवलं, पण बाहेर पडायचं म्हणजे नक्की कसं, हे मतपत्रिकेवर नव्हतं. पुढे करार झाला तेव्हा "या करारावर मत घ्या" ही मागणी माझ्या मते रास्त होती, कारण तो प्रश्न नवा होता. "२०१६ साली लोकांना फसवलं, म्हणून तेच परत विचारा" ही मागणी रास्त नव्हती. दोन्ही मागण्या एकाच मोर्चात चालत होत्या, त्यामुळे पहिलीचंही वजन गेलं. शेवटी डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीने निकाल लावला. ४३.६ टक्के मतांवर ३६५ जागा आल्या आणि सरकारने त्यालाच कौल मानलं. १९६३ साली मगोने जे केलं तेच. निवडणुकीला सार्वमताचा मुखवटा घातला की हे असं होतं.

आता आपल्या घरातलं दुखणं. बेळगाव. आपण मराठी माणसं काय म्हणतो? महाराष्ट्र एकीकरण समिती तिथे वर्षानुवर्षं निवडून येत होती, म्हणजे लोकांचा कौल स्पष्ट आहे. बरं. मग २०१८ आणि २०२३ च्या विधानसभा निवडणुकांत समितीचा एकही आमदार आला नाही, त्याचा अर्थ काय लावायचा? सीमाभागातल्या मराठी माणसाने मत बदललं? असा अर्थ काढलेला आपल्याला चालणार नाही, आणि चालूही नये. निवडणुकीवरून सीमाप्रश्नाचं उत्तर काढता येत नाही, ना तेव्हा, ना आता. बेळगाव-निपाणीच्या लोकांना हा प्रश्न सरळ, गुप्त मतदानाने, एकदाही विचारलेला नाही. गोव्याला विचारला. म्हणून बेळगावात 'एकदा' मागणं आणि गोव्यात 'परत एकदा' मागणं या एकाच मापाच्या मागण्या नाहीत. उलट, गोव्याचा निकाल मनापासून मानणाराच बेळगावात मतदान मागू शकतो. आम्ही जिंकलो तर कौल आणि हरलो तर तालीम, असं म्हणणाऱ्यावर कर्नाटकाने का विश्वास ठेवावा?

"मग काय, एकदा झालं की युगानुयुगं तेच?" असं कोणी विचारेल. नाही हो. एकदाच आणि कायमचं, हे म्हणणारेही तेवढेच चुकतात. ब्रिटनने १९७५ साली युरोपात राहायला ६७ टक्क्यांनी हो म्हटलं होतं आणि ४१ वर्षांनी परत विचारलं. ती पिढी वेगळी, तो युरोपीय समुदायही आता वेगळा, विचारण्यात गैर काही नव्हतं. मृतांच्या मताचा मुद्दा इथे खरा ठरतो. पण त्यासाठी त्या जागच्या जिवंत माणसांनी तशी मागणी करायला हवी. गोव्यात आज विलीनीकरण मागणारा पक्ष निवडून येतोय का? मोर्चे निघतायत का? मागणी पेडण्याहून येत असेल तर ऐकू. ती पुण्यातल्या हिंजवडीहून आणि रत्नागिरीच्या मारुती मंदिराच्या नाक्यावरून येते आहे, हाच तर घोटाळा आहे.

थोडक्यात माझे नियम असे. परत विचारण्याची मागणी ज्यांचं भवितव्य पणाला आहे त्यांच्याकडून यावी, ज्यांच्या हातात तारीख ठरवायची सत्ता आहे त्यांच्याकडून नव्हे. प्रश्न किंवा परिस्थिती खरोखर बदललेली असावी. आणि किती वर्षांनी परत विचारता येईल हे पहिल्या मतदानाच्या आधी लिहून ठेवलेलं असावं, हो आणि नाही दोघांनाही सारखंच लागू. हे काही फार मोठं तत्त्वज्ञान नाही. उत्तर आयर्लंडसाठी १९९८ च्या कायद्यात लिहिलं आहे की असं मतदान झालं की पुढचं निदान सात वर्षं घेता येणार नाही. आपल्या ग्रामपंचायतीतही सरपंचावरचा अविश्वास ठराव पडला की ठराविक मुदत जाईपर्यंत दुसरा आणता येत नाही. दारूचं दुकान बंद करायला 'उभी बाटली, आडवी बाटली' मतदान होतं, तिथे गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात, फक्त आलेल्यांपैकी नव्हे. गावपातळीवर आपल्याला हे शहाणपण आहे, प्रश्न मोठा झाला की ते कुठे जातं कोण जाणे.

खरं तर गावपातळीवरही ते टिकत नाही, आणि हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण हवी की नको हे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१३ साली १२ ग्रामसभांना विचारलं. बाराच्या बारा नाही म्हणाल्या. २०१६ साली राज्याचं खाण महामंडळ परत न्यायालयात गेलं की ग्रामसभा पुन्हा घेऊ द्या. न्यायालयाने ती मागणी फेटाळली, म्हणून निभावलं.

आमच्या जिल्ह्यात राजापूर तालुक्यात असं न्यायालय मधे पडलेलं नाही. रिफायनरीसाठी आधी नाणार ठरलं. तिथल्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, मोर्चे काढले, २०१९ मध्ये प्रकल्प तिथून रद्द झाला. मग शेजारचं बारसू आलं. तिथेही विरोधाचे ठराव झाले आणि एप्रिल २०२३ मध्ये पोलीस बंदोबस्तात माती परीक्षणाचं ड्रिलिंग सुरू झालं. रिफायनरी चांगली की वाईट यावर माझ्या स्वतःच्या नातेवाइकांत दोन तट आहेत. एका भावाला वाटतं, नोकरी गावातच मिळाली तर मुंबईची खोली सुटेल. एका मावशीची कलमं आणि काजू तिथे आहेत. मला दोघांचंही पटतं. पण ज्या ठरावाला सरकार 'अजून समजूत काढायची राहिली आहे' एवढंच समजतं आणि होकार आला असता तर त्याच ठरावावर दुसऱ्या दिवशी भूमिपूजन झालं असतं, त्या ठरावाला ग्रामसभेचा निर्णय का म्हणायचं?

म्हणून मागणी साधी आहे. राजापुरात विचारायचं असेल तर नीट विचारा. गुप्त मतदान घ्या, प्रकल्पाचा पूर्ण कागद आधी द्या, किती टक्क्यांना हो मानायचं ते आधी सांगा आणि नाही आलं तर किती वर्षं परत येणार नाही तेही आधी लिहून द्या. मग माझी मावशी हरली तरी मी तिची समजूत घालीन आणि भाऊ हरला तर त्याची. कलमं तोडल्यावर त्यांना परत विचारता येणार नाही, एवढं फक्त तारीख ठरवणाऱ्याने लक्षात ठेवावं.